चौथ्या भट्टीचा तुकडा

दुपारी दीड-दोनच्या सुमारास आमच्या आतल्या खोलीतून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज यायचा. चर्र. मग थोडा वेळ काही नाही, आणि पुन्हा चर्र. बारीक, पारदर्शक पट्टी कोणीतरी जपून, एका दमात उचलावी तसा. मी चुलीपाशी असायची, नाहीतर अंगणात मासे साफ करत. आवाज आला की हातातलं काम हातातच राहायचं. खोलीत कोणी नसायचं. पट्टीचं रीळ माझ्या ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, कुलपाची किल्ली माझ्या कमरेला. आणि ती पट्टी जिच्या हातची, ती माझी पोरगीच आता राहिली नव्हती.

आता कोणी म्हणेल, म्हातारीचं डोकं फिरलं. माझी जाऊ तर तोंडावर म्हणाली, "बह्याडी झालीस का वं? उंदीर असंल." मी म्हटलं, असेल बाई. उंदराला पट्टी कशी उचलायची ते माहीत असेल तर असेल उंदीर.

पण आधीपासून सांगते, नाहीतर तुमचा गोंधळ होईल.

मी शाळा चौथीपर्यंत शिकले. पुढचं सगळं पोरीच्या पुस्तकांवर. ती सातवीत गेली तेव्हा मीही सातवीचं वाचलं, ती दहावीत तेव्हा मी दहावीचं. बारावीच्या भौतिकशास्त्रात मी मागे पडले आणि ती निघून गेली पुढे. आमचं घर पवनीच्या बाजूला, वैनगंगेच्या काठी. पोरीचा बाप नदीवर आणि तलावावर जाळं टाकतो. मी मासे विकते आणि पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाचा रोवणा करायला जाते. अशा घरातली पोरगी नागपूरला शिकली आणि मग दूर दक्षिणेकडे एका प्रयोगशाळेत गेली. तिथे ती स्फटिक वाढवायची. लोखंड, सेलेनियम आणि टेल्युरियम अशा तीन वस्तू काचेच्या नळीत बंद करायच्या, नळी भट्टीत ठेवायची आणि दिवसच्या दिवस तापवून मग हळूहळू निववायची. नळी फोडली की आत चकाकणारा दगड निघायचा, अभ्रकासारखा पदर-पदर असलेला. त्याला चिकटपट्टी लावून उचलली की वरचा पदर निघून यायचा आणि खाली कोरा, आरशासारखा नवा पदर दिसायचा. तोच तो आवाज.

ती घरी आली की काम घेऊन यायची. खिडकीपाशी बसून पदर काढायची. एकदा मी विचारलं, "हे कायले करतं वं?"

"माय, याच्यातून वीज बिना अडथळ्याची चालते. जराही वाया जात नाई."

"मंग बिलवाले काय खातील?"

ती हसली. म्हणाली, "त्यांचं पोट भरंल अजून. याले लई थंडी लागते. बर्फ म्हणजे याच्यापुढं चूल हाय चूल."

तिला सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार घरोघरी आहे, तुम्हाला वेगळं सांगायला नको. थंडीत, ओल्यात गेली की तिची हाडं ठणकायची, म्हणून रोवण्याच्या दिवसात तिला बांधीत उतरायची मनाई. ती छत्री घेऊन बांधावर उभी राहायची आणि तिथून आमच्याशी बोलायची. चुंबकाची गोष्ट तिनं मला तिथेच सांगितली. आम्ही दहा-बारा बाया वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावत होतो आणि ही बांधावरून ओरडत होती.

"माय, बांधीतलं पाणी म्हणजे माह्या दगडातली वीज. मोकळी. आता त्याच्यावर चुंबक आणला. लहान असंल तर दगड त्याले आत येऊच देत नाई. पण चुंबक मोठा केला तं तो बारीक बारीक काड्या होऊन आत उतरते. तुमी पऱ्हे लावता ना, तश्श्या. सारख्या अंतरावर."

माझ्या शेजारची म्हणाली, "चुंबक कोणाच्या घरचा मजूर हाय वं? रोज किती घेते?"

"तुमच्यापेक्षा कमी घेते मावशी, आणि गप्पा बी मारत नाई."

सगळ्या हसल्या. ती पुढे सांगत राहिली. चुंबक वाढवत नेला की रोवणा दाट होतो. प्रत्येक काडीच्या भोवती विजेचा एक भोवरा फिरतो आणि काडीच्या जागेपुरती ती मोकळी वीज मरते. काड्या इतक्या दाट झाल्या की मधलं पाणी दिसेनासं झालं, मग दगडाचा गुण संपला. तो साधा दगड. दुसरा धोका त्याच्याही आधीचा. पऱ्हा चिखलात नीट दाबला नाही तर वाऱ्यानं सुटतो आणि पाण्यावर तरंगतो. काडीचं तसंच. ती जागेवर बसली पाहिजे. सरकायला लागली की विजेला अडथळा झालाच.

"मंग बसते कशी?" मी वाकूनच विचारलं.

"दगडात जिथं खोट असंल, खाच असंल, तिथं बसते. एकदम साफ दगड असला तर काड्याले धरायला काही नसते माय. थोडी खोट पाह्यजे."

आणि तिच्या दगडाची खासियत ही, की रोवणा कितीही दाट झाला तरी मधलं पाणी लवकर आटत नाही. दुसऱ्या जातीचे दगड पदराच्या एका बाजूनं चुंबक सोसतात आणि दुसऱ्या बाजूनं लावला की लवकर हार मानतात. हिचा दगड खूप थंडीत कुठूनही लावा, जवळपास सारखाच टिकतो. मोठमोठी माणसं म्हणे पूर्वी सांगत, यात लोखंड घालू नका, लोखंडाच्या अंगातच चुंबक असतो, तो हा गुण मारून टाकतो. लोखंड म्हणजे त्यांच्या धंद्यातलं भूत. आणि मग लोखंडाच्याच पोटी असा चिवट दगड सापडला. हे सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा, जसं काही तिनंच भूत पकडून आणलं.

पण लोखंड जास्त झालं की घात. पदरांच्या मधल्या जागेत जास्तीचं लोखंड जाऊन बसतं आणि तिथून त्रास देतं. मग दगड पुन्हा तापवून ते बाहेर काढावं लागतं. तिनं चौथ्यांदा भट्टी लावली, त्या दगडांत असंच लोखंड जास्त झालं होतं. एक दिवस तिनं मला तिच्या गोळ्यांची पट्टी दाखवली. लहानपणापासून तिला इतक्या वेळा रक्त चढवलं होतं, की त्या रक्तातलं लोखंड तिच्या अंगात साचलं होतं. ते काढायच्या गोळ्या होत्या त्या. नागपूरला मोठ्या मशीनच्या बोगद्यात झोपवून तिच्या लिव्हरातलं लोखंड मोजलं होतं. त्या मशीनमध्येही चुंबकच असतो.

"पाह्य माय," ती म्हणाली, "मी बी चौथ्या भट्टीचीच. जास्तीचं लोखंड. मी चुंबकातून जाऊन आली. आता याले पाठवाचा हाय, त्याच्या वीस-तीस पट मोठ्या चुंबकात."

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. असं बोलू नये म्हणून. हलकाच होता, पण तो धपाटा मला अजून हाताला लागतो.

ज्येष्ठात ती गेली. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

तिसऱ्या दिवशी आमचे भासरे, म्हणजे पोरीचे मोठे बाबा, हातोडी घेऊन आले. लग्नाआधी पोरगी गेली की उंबरठ्यात लोखंडी खिळा ठोकायची रीत आहे, म्हणजे ती परत घरात येत नाही. बाळंतिणीच्या उशाला विळा ठेवतात, त्यातलाच प्रकार. मी डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यात उभी. भासऱ्यांसमोर आम्ही बोलत नाही. त्यांनी डोंग्याचा, म्हणजे आमच्या नावेचा, जुना खिळा काढला आणि चार घावांत उंबरठ्यात बसवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मी पाहिलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांना भावाचं घर सांभाळायचं होतं.

आठ दिवस मी त्या खिळ्यावरून पाय उचलून गेले. नवव्या दिवशी घरात कोणी नसताना पक्कड घेतली आणि तो उपटला. निघता निघेना. लाकूड ओरडलं, माझ्या हाताला फोड आले, पण निघाला. तो नदीत फेकला. विळा, विळी, कुऱ्हाड सगळं बाहेरच्या पडवीत नेऊन ठेवलं. मला वाटलं, लोखंडानं वाट अडत असेल तर मी लोखंडच ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज आला. चर्र.

पोरीच्या बापाला मी काही सांगितलं नाही. तो अंगणात जाळं विणत बसलेला असायचा, मान खाली. त्यानं खिळ्याच्या भोकाबद्दलही विचारलं नाही. मला वाटायचं, याला काहीच दिसत नाही, काहीच ऐकू येत नाही, पुरुषाची जात. दुपारची ती अर्धी-पाऊण घटका माझ्या एकटीची होती.

मग दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे ज्याचं त्याचं हत्यार धुऊन पाटावर मांडतात. जाळं, वल्हं, विळा, माझी मासे कापायची विळी. आदल्या संध्याकाळी ते धुता धुता मला वाटलं, पोरीचं हत्यार कुठे आहे? ट्रंक उघडली. तिच्या वह्या आणि मोठे दगड तिची प्रयोगशाळेतली मैत्रीण आधीच घेऊन गेली होती. पण एक छोटी डबी कपड्यांत राहिली होती. आत कागदात गुंडाळलेला नखाएवढा तुकडा. पूर्वी आरशासारखा असायचा, आता काळपट पडला होता, कडेनं डाग धरल्यासारखा.

मी काय करावं? तांब्या-पितळेचं भांडं काळं पडलं की आपण काय करतो? मूठभर चिंच कोमट पाण्यात कोळली, देव्हाऱ्यातला दिवा त्यात टाकला आणि दिव्यासोबत तो तुकडाही टाकला. भांडं चुलीजवळच्या गरम राखेवर ठेवून दिलं. सकाळी काढलं तर चकाकत होता! जरा चोळला, धुतला, पाटावर जाळ्याशेजारी ठेवला, हळद-कुंकू वाहिलं. मला वाटलं, आज मी तिच्यासाठी काहीतरी केलं. ओल लागू देऊ नको म्हणून तिनं एकदा बजावलं होतं, ते मला तेव्हा आठवलंच नाही.

त्या दुपारी आवाज आला नाही. दुसऱ्या दुपारी नाही. तिसऱ्याही नाही.

चौथ्या दिवशी मला तिचं ते वाक्य आठवलं. ती डबी बंद करताना म्हणाली होती, "माय, याले ओल लागू देऊ नको. खराब होते." अगदी याच शब्दांत. मी चुलीपाशी बसलेली होते. मी तिचा तुकडा मारला होता. आणि ती रुसून निघून गेली होती. खिळ्यानं जे झालं नाही ते माझ्या चिंचेनं केलं.

आठवडाभरानं तिच्या मैत्रिणीचा फोन आला. ही पोरगी सांगलीकडची. बोलणं आमच्यापेक्षा वेगळं, पण मायाळू.

"काकू, तिच्या वहीचं शेवटचं पान मी आता नीट वाचलं. लिहिलंय, चौथ्या भट्टीचा सगळ्यात चांगला तुकडा घरी आहे, अजून मोजला नाही. तो आहे का हो तुमच्याकडे?"

"हाय ना."

"खरंच? देवच पावला! इथले त्या भट्टीचे सगळे तुकडे मोजमापात संपले, तुटले. परदेशातल्या मोठ्या चुंबकावर आम्हाला वेळ मिळालीय. तिनंच अर्ज केला होता. तो तुकडा टिकला तर तिचं काम तिच्या नावानं पुरं होईल. नाहीतर मग वह्याच राहतील हो." मग विचारलं, "त्याला कोणाचा हात नाही ना लागला? पाणीबिणी?"

"नाई बाई. जसाच्या तसा हाय."

फोन ठेवला. भिंतीला टेकून बसले. आयुष्यात मी मासे ताजे म्हणून शिळेही विकले असतील, पण असं खोटं कधी बोलले नव्हते. मनात म्हटलं, आता तरी ये आणि ओरड माझ्यावर. दुपारभर आतल्या खोलीच्या दाराशी बसले. नुसती नदीकडची हवा. आवाज असताना मला भीती वाटली नव्हती, ती त्या शांततेची वाटली. घर असं झालं होतं, की आपलं आपल्यालाच परकं वाटावं.

ती मैत्रीण सकाळच्या बसनं आली. पोरीच्या बापानं पहाटेच मासे आणले होते. जेवताना तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तर हा म्हणतो, "तुमच्याकडचे लोक लई तिखट खातात म्हणे. मंग हे पाणी काहून येऊन राहिलं?"

"काका, हे तिखट नाही, ही शिक्षा आहे."

"शिक्षा तं अजून व्हायचीच हाय. अजून एक मासा हाय ताटात तुमच्या."

कितीतरी दिवसांनी तो हसला. आणि मी ताटातला भात नुसता चिवडत होते, कारण जेवण झालं की डबी काढावी लागणार होती.

काढली. तिनं खिडकीपाशी, पोरीच्या जागेवर बसून कागद उलगडला. बराच वेळ पाहत राहिली.

"काकू, या फटीत हे पिवळं काय आहे?"

"हळद."

"हळद?"

मग मी सगळं सांगितलं. दसरा, पाट, चिंच, राख, दिवा. फोनवरचं खोटंही. पोरीचा बाप दारातून आत डोकावून म्हणाला, "अवं, तू त्याले चिंचंत टाकलं?"

"दिव्यासंगं टाकलं."

"मायच हायस तू तिची," तो म्हणाला आणि पुन्हा जाळ्याकडे गेला. रागानं म्हणाला की कशानं, ते मला आजही उमगलेलं नाही.

मैत्रिणीचा चेहरा उतरला होता. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. मला वाटलं, आता उठून जाईल. पण तिनं पिशवीतून वही काढली.

"किती चिंच घेतलीत?"

"मूठभर."

"मूठ कोणाची?"

"माहीच. आणखी कोणाची?"

"पाणी किती? किती गरम? बोट ठेवता येत होतं का? किती वाजता टाकला, किती वाजता काढला?"

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. शेवटी तिनं मला डब्यातून तेवढीच मूठभर चिंच काढायला लावली आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन ती तोलून आणली. दुकानदारानं विचारलं म्हणे, विकायची की घ्यायची? ही म्हणाली, नुसती मोजायची.

"बाई, तू मले रागव तरी," मी म्हटलं.

"रागावून काय करू? ऐका. तिच्या वहीतली शेवटून दुसरी ओळ आहे, चौथ्या भट्टीत जास्तीचं लोखंड राहिलंय, काढावं लागेल. आंबट पदार्थांत ठेवलं की असं जास्तीचं लोखंड निघतं, हे लोकांनी करून पाहिलेलं आहे. चिंचेचं मला माहीत नाही. कदाचित तुम्ही तेच केलंत जे ती करणार होती. कदाचित दगड खराबही झाला असेल. मोजल्याशिवाय कळणार नाही."

"आणि मोजून बिघडलेला निघाला तं?"

"तर बिघडलेला म्हणून लिहायचं. जे झालं ते लिहायचं, हा तिचाच नियम होता ना."

होता. घरात दूध उतू गेलं तरी ती म्हणायची, माय, मांजरावर ढकलू नको.

मग ती म्हणाली, हळद वरच्या पदराला आहे, तो काढून पाहते. माझ्या ट्रंकेतलं रीळ मागितलं. मी ते देऊन चहा टाकायला चुलीकडे गेले.

चर्र.

हातातलं भांडं सुटलं. पाणी चुलीत गेलं, धूर झाला. मला ठाऊक होतं कोण बसलंय तिथे, मीच रीळ दिलं होतं. पण मी सांगते आहे ते माझ्याबद्दल नाही. मी वळून अंगणात पाहिलं. पोरीचा बाप हातातलं जाळं खाली टाकून उभा राहिला होता. त्याचं तोंड आतल्या खोलीकडे, आणि तोंडावर असं काही, जे मी तिच्या जाण्यापासून पाहिलं नव्हतं. अगदी हळू म्हणाला,

"आली?"

तोही ऐकत होता. इतके महिने, रोज दुपारी, मान खाली घालून. मला वाटायचं त्या वेळेला तो कामात असतो. तो जाळं विणतच नव्हता, नुसतं हातात धरून बसायचा. आवाज बंद झाला हेही त्याला कळलं होतं, आणि त्यानंही मला विचारलं नव्हतं, जसं मी त्याला विचारलं नाही.

मी नुसती मान हलवली. नाही म्हणून. तो खाली बसला.

खालचा पदर कोरा निघाला. मैत्रीण तुकडा घेऊन संध्याकाळच्या बसनं गेली.

पौष सरत आला तेव्हा तिनं मोबाईलवर एक चित्र पाठवलं आणि मागोमाग फोन केला. चित्रात रेषाच रेषा. "काकू, उजवीकडून डावीकडे वाचा. डावीकडे थंडी वाढते. रेष जिथे खाली पडते, तिथे दगडातली वीज मोकळी झाली. पहिली रेष बिनचुंबकाची. पुढची प्रत्येक रेष जास्त मोठ्या चुंबकाची."

मी नाकाशी धरून पाहिलं. रेषा एकीमागे एक, थोड्या थोड्या डावीकडे सरकलेल्या, पण उतार सगळ्यांचा सारखा. वाऱ्यानं एकाच बाजूला कललेलं धान दिसतं तशा.

"फाकल्या नाहीत, बघितलंत? दुसऱ्या जातीच्या दगडांत चुंबक वाढला की रेषा पंख्यासारख्या फाकतात. काड्या सरकायला लागतात ना, म्हणून. हा धरून राहिला. पदराच्या दोन्ही बाजूंनी लावून पाहिला. सगळ्यात मोठ्या चुंबकातही, खूप थंडीत, वीज मोकळीच होती."

"म्हणजे जिवंत हाय?"

"एकदम जिवंत आहे काकू."

मी विचारलं, चिंचेनं झालं का? ती म्हणाली, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. धुण्याआधी तो कोणी मोजला नव्हता. तुकडा एकच. तिच्या भट्टीनंच चांगला निघाला असेल, नाहीतर तुमच्या मुठीनं. "पण लेखात दोन्ही येणार. भट्टी तिची म्हणून तिचं नाव पहिलं. आणि एक ओळ, तुकडा रात्रभर कोमट चिंचेच्या पाण्यात होता. चिंचेचं वजनही लिहिलंय."

"हळद?"

"हळदही लिहिली. वरचा पदर काढला असं."

मला वाटलं, फोन आता ठेवेल. पण ती घुटमळली. म्हणाली, "आणखी एक सांगायचं होतं. म्हणून आत्ता, या वेळेला फोन केला. तुकडा परत आमच्याकडे आलाय. इथल्या लहान चुंबकात घालून थंड केला होता. चुंबक आम्ही बंद केलाय, पण दगडात तो थोडा राहिलाय. काड्या खाचांत अडकून बसल्यात. बाहेर काही नाही, आत आहे. थंड ठेवला तोवर राहील."

"किती दिवस ठेवसाल थंड?"

"दिवस नाही काकू. ज्यानं थंड करतो ते संपत आलंय. आता तापू द्यायचा आहे. तिला हा भाग बघायला फार आवडायचा. मी एकटीच आहे प्रयोगशाळेत. वाटलं, तुम्ही फोनवर असावं."

मी फोन कानाला धरून उठले आणि उंबरठ्यावर जाऊन बसले. त्या भोकावर बोट ठेवलं. पीठ, माती जाऊन ते निम्मं बुजलं होतं. पोरीचा बाप समोर अंगणात. मी फोनचा आवाज मोठा केला, त्यालाही ऐकू जावा म्हणून.

"एकदम तापवू नको बाई," मी म्हटलं. "हळू."

"हळूच. पाच झालं." त्यांचं थंडीचं माप वेगळं आहे, त्यात शून्य म्हणजे सगळ्या थंडीचा तळ. "सात. अजून आहे आत, थोडा कमी झाला."

नदीवरून कोणाच्या तरी डोंग्याचं वल्हं वाजलं. पोरीच्या बापानं जाळं बाजूला ठेवलं.

"दहा. काड्या सुटायला लागल्यात."

"हाय का अजून?"

"आहे. बारा. तेरा." तिचा आवाज बारीक झाला होता. "चौदा."

मग बराच वेळ फोनमध्ये त्यांच्या पंपाची घरघर येत राहिली.

"काकू, आतला चुंबक शून्य झाला."

"कुठं गेलं?"

"कुठे जात नाही. तुकडा इथेच आहे. पुन्हा थंड केला, पुन्हा चुंबक लावला, की पुन्हा येईल. पण हा गेला."

मी बरं म्हटलं, जेवून घे म्हटलं, फोन ठेवला. दुपारचे दोन वाजायला आले होते. पोरीचा बाप उठला, माझ्या बाजूनं आत गेला, आतल्या खोलीच्या दारात थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला. उंबरठ्यावर बसू नये म्हणतात, आणि नवरा-बायकोनं शेजारी तर नाहीच. तो माझ्याशेजारी बसला. आम्ही दोघं पाठ घराकडे करून, कान आत लावून, तिथेच बसून राहिलो.